मोडीचा हिशेब

व्यापारी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे 'शाश्वत' हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला जातो की, त्याचा मूळ अर्थ काय होता हे एकदा कोश उघडून पाहावेसे वाटते. त्याच्या जोडीला आता 'डिझाइन' हा दुसरा शब्द येऊन बसला आहे. धंदे टिकाऊ व्हावयाचे तर त्यांत डिझाइनचा वाटा मोठा, असे व्याख्यानांतून व परिसंवादांतून आपणांस सांगण्यात येते. आणि हे म्हणणे खोटे आहे असे आम्हांस बिलकूल म्हणावयाचे नाही. आमची तक्रार निराळी आहे. डिझाइन म्हणजे वस्तूवर शेवटी चढवावयाचा साज, अशी जी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात रुजली आहे, तिने या खऱ्या सिद्धांताचे पार मातेरे केले आहे. पुठ्ठ्याचे वेष्टन, हिरव्या पानाचे बोधचिन्ह, दिवाणखान्यात बांबूचा एखादा दिवा, एवढ्याने धंदा सुधारला असे मानणारांची संख्या थोडी नाही.

वस्तुतः डिझाइन म्हणजे आखणी. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने या विषयावर एक अहवाल सादर केला, व त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. उत्तम आखणीचा नमुना म्हणून त्या दोघांनी कोणता राजवाडा किंवा कोणते यंत्र निवडले नाही; आपल्या घरोघरचा लोटा निवडला. तो कमरेवर कसा बसतो, त्यातून पाणी कसे ओतले जाते, तो घासावयास सोपा की अवघड, इतके प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. तो वर्षानुवर्षे सेवा देतो ती कोणत्या खर्चात, आणि शेवटी त्याच्या धातूचे काय मोल येते, हेही त्यांनी विचारले. आमच्या आज्यांना या शेवटच्या प्रश्नाचे नवल वाटले नसते. भांडे घेताना ते मोडीत घातल्यास काय येईल, हे त्या आधी विचारीत आणि मगच पदराची गाठ सोडीत. हाच प्रश्न धंद्यांना विचारावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि तो विचारण्यास चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीइतके योग्य ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

दिल्लीहून चेन्नईस जाणाऱ्या लोहमार्गावर, भद्रावती तालुक्यात, माजरी हे जंक्शन आहे. येथून एक फाटा वणीवरून आदिलाबादेकडे जातो. प्रवाशांच्या लेखी ते एक स्थानक. परंतु देशाच्या लेखी त्याचे मोल आहे ते कोळशामुळे. १९७३ साली कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७५ पासून वर्धेच्या खोऱ्यातील या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत. या खोऱ्याच्या कोळशावर चंद्रपूरचे वीजकेंद्र चालते. त्याची शक्ती २,९२० मेगावॉट असून राज्य सरकारच्या औष्णिक केंद्रांत ते सर्वांत मोठे आहे. तेव्हा पुण्यात किंवा ठाण्यात विजेच्या दिव्याखाली ही ओळ वाचणाऱ्या कुटुंबाने माजरीशी आपला काही संबंध नाही असे समजू नये. आपल्या दिव्याची काजळी तेथे साचते.

उघड्या खाणीचा आराखडा हा मानवी बुद्धीचा एक स्तिमित करणारा नमुना असतो. खाणीच्या पायऱ्यांची उंची, सुरुंगांच्या भोकांमधील अंतर, डंपर चढावयाच्या रस्त्याचा उतार, उपशाचे पंप, या सर्वांचे माप त्यात काटेकोर असते. एक टन कोळसा हाती येण्यासाठी कित्येक घनमीटर माती व दगड उपसावे लागतात, तेही आधी मोजलेले असतात. मग ही माती टाकावयाची कोठे? जवळात जवळ जेथे जागा असेल तेथे. कारण वाहतुकीचा खर्च आराखड्यात धरलेला असतो आणि टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचे आयुष्य धरलेले नसते. या खोऱ्याची काळी कसदार जमीन कापसाची. तिचा वरचा हात-दीड हाताचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. तो पहिल्याच दिवशी निराळा काढून निराळा रचून ठेविला, तर खड्डा भरल्यावर वर पसरता येतो. तो खालच्या मुरमात एकदा मिसळला, की पृथ्वीमोलाचा पैसा ओतूनही परत मिळत नाही. त्याचप्रमाणे शेवटचा खड्डा कोठे राहील, त्याचे काठ उतरते असतील की कडा तुटल्यासारखे, त्यात साठणाऱ्या पाण्यावर शेती व मासळी होईल की त्यात गुरेढोरे बुडतील, हे सर्व कोळसा कोणत्या क्रमाने काढावयाचा या पहिल्या निर्णयातच ठरून जाते. आखणी म्हणतात ती ही. मागाहून टेकडीवर रोपे लावून छायाचित्र काढणे ही आखणी नव्हे, ते मोडक्या भांड्याला कल्हई लावणे आहे. चंद्रपूर-दुर्गापूर भागात खाणींच्या व वीजकेंद्राच्या आवारांत माजलेल्या वेड्या बाभळीच्या रानात वाघांनी ठाणे दिले, आणि वस्तीतल्या माणसांचे जीव धोक्यात आले. हिरवे दिसते ते सारे हितकर असतेच असे नाही, हे त्यावरून कळावयास हरकत नाही.

या प्रदेशाला आखणीचे ज्ञान नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. माजरीपासून पूर्वेस, जिल्ह्याच्या धानपट्ट्यात व पुढे गडचिरोली-भंडाऱ्याकडे, मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांनी तलाव बांधणारास जमीन देण्याचे धोरण ठेविले, आणि कोहळी लोकांनी आपले कसब त्यात ओतले. पाळ कोठे घालावी, जादा पाणी कोणत्या अंगाने सोडावे, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यावे, हे तर त्यांनी जाणलेच. परंतु गाळ उपसून शेतात कोणी न्यावा, पाळ फुटली तर कोणी धावावे, मासळीवर कोणाचा हक्क, गुरांना पाणी कोठे, याचीही वहिवाट त्याच आखणीत बसविलेली होती. म्हणून हे तलाव पिढ्यान् पिढ्या टिकले. पुढे १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली. ती नष्ट झाली याबद्दल आम्हांस यत्किंचितही खेद नाही. मालगुजारांच्या जुलमाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परंतु तलाव सरकारजमा झाले तेव्हा पाळ तेवढी हस्तांतरित झाली आणि वहिवाट वाऱ्यावर सोडण्यात आली. दगडमाती जागच्या जागी राहिली, पण राखणारा कोण हे न ठरल्यामुळे अनेक तलाव गाळाने भरले. यावरून आखणीचा दुसरा धडा मिळतो: वस्तूचा आकार हा आखणीचा अर्धा भाग, आणि ती कोण सांभाळील याचा निर्णय हा उरलेला अर्धा.

तिसरा धडा बांबूचा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकरिता या जंगलांतील बांबू वर्षानुवर्षे तुटत गेला. कारखान्याच्या दृष्टीने बांबू म्हणजे लगदा, आणि जंगल म्हणजे त्याचे कोठार. याच्या उलट गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाकडे पाहावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री व राज्याचे मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूचे बेट टिकवावयाचे तर त्या वर्षीचे कोवळे वासे राखावे लागतात, जुने तेवढे काढावे लागतात, आणि पावसाळ्यात कोंब फुटत असताना कुऱ्हाड लावता येत नाही. हे नियम वनखात्याच्या पुस्तकांतही होतेच. फरक एवढाच, की ज्याला पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे जावयाचे आहे त्याच्या हाती कुऱ्हाड आली. शहरातील प्रदर्शनात बांबूची टोपली किंवा दिवा विकत घेणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी तिच्या विणीचे कौतुक अवश्य करावे. परंतु बांबू कोणाच्या परवानगीने तुटला आणि पैसा कोणाच्या हाती गेला, हेही विचारावे. टोपलीची खरी आखणी तेथे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, आपला देश गरीब. आधी पोट, मग शोभा. हे अगदी मान्य; परंतु आम्ही शोभा मागतच नाही. सुपीक माती निराळी ठेवणे हे पहिल्या दिवशी स्वस्त असते आणि शेवटच्या दिवशी अशक्य. गरिबाला हा हिशेब श्रीमंतापेक्षा लवकर कळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोळसा संपणारा, शिवाय तो जाळल्याने हवामानाची जी हानी होते ती जगजाहीर आहे. मग कोळशाचा धंदा टिकाऊ करण्याची भाषा वदतोव्याघाताची नव्हे काय? होय, आहे. कोळशाचा धंदा टिकाऊ होऊ शकत नाही, आणि तो तसा होईल असे सांगणारी कंपनी आपली फसवणूक करीत आहे. टिकावयाचे आहे ते माजरी. वरोऱ्याचे उदाहरण तेथून जवळच आहे. इंग्रज सरकारने तेथे १८७१ च्या सुमारास कोळशाची खाण सुरू केली आणि १९०६ साली ती बंद झाली. पस्तीस वर्षे, म्हणजे एका माणसाच्या नोकरीएवढे आयुष्य! खाणीचे आयुष्य मोजके असते हे या जिल्ह्याला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरी प्रत्येक नवी खाण अशी उघडली जाते की जणू ती कधी मिटणारच नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. २००९ साली केंद्रीय कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याची योजना आधीच सादर करावी असा दंडक घातला, आणि उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख, भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख या दराने रक्कम निराळ्या खात्यात ठेवावयास लाविली. हे पाऊल स्तुत्य होय. याच कंपनीने नागपूर जिल्ह्यात उपशाच्या मातीतून वाळू निराळी काढून ती घरबांधणीस पुरविली, हेही आम्ही मोकळेपणाने नमूद करतो. परंतु पैसा बाजूस ठेवणे म्हणजे आखणी करणे नव्हे. योजना लिहितो तो अधिकारी बदलून जातो, कंपनी दुसरीकडे खणते, आणि ज्याने तेथे राहावयाचे आहे त्या गावकऱ्याला नकाशाच्या मेजापाशी खुर्ची नसते. १९५७ च्या ज्या कायद्याने कोळशाच्या जमिनी घेतल्या जातात, त्यात घेण्याची रीत तपशीलवार आहे. काम संपल्यावर ती शेतकऱ्यास परत करण्याची सक्ती नाही. आखणीतली ही उणीव कुंचल्याने बुजत नाही.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. जर्मनीच्या पूर्वेस लाउझिट्झ प्रांतात लिग्नाइट कोळशाच्या प्रचंड खाणी होत्या. १९९० च्या एकीकरणानंतर त्यांतील बहुतेक बंद पडल्या. तेव्हा २००० ते २०१० या दहा वर्षांत वास्तुरचनाकार, अभियंते व स्थानिक लोक यांनी मिळून त्या उजाड मुलखाची पुन्हा आखणी केली. खड्ड्यांची सरोवरे झाली. माती वाहणारा पाचशे मीटर लांबीचा एक लोखंडी पूल न मोडता तसाच ठेवून लोकांना पाहण्यासाठी खुला करण्यात आला. हे सर्व वाखाणण्यासारखे आहे. परंतु त्याचा खर्च सरकारी तिजोरीने सोसला, हे विसरू नये. कोळसा एका पिढीने नेला, मोड दुसरीच्या पदरी आली. आमच्या तिजोरीला तो भार झेपेल काय? झेपणार नसेल, तर मागाहून दुरुस्ती करण्यापेक्षा आधी आखणी करणे हाच आम्हांस परवडणारा मार्ग आहे.

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आहेत. माजरी परिसरात यापुढे जी खाण उघडेल किंवा वाढेल, तिच्या आराखड्याचे पहिले पान शेवटच्या दिवसाचे असावे: खड्डा कोठे, पाणी किती, माती कोठे, जमीन कोणाची. ते पान मराठीत असावे, ग्रामसभेपुढे वाचले जावे, आणि तिच्या संमतीशिवाय दुसरे पान उलटू नये. खाणीच्या कार्यशाळा, वसाहती व लोहमार्गाचे फाटे खाण मिटल्यावर कोणत्या उद्योगास उपयोगी पडतील, याचा विचार त्या बांधतानाच व्हावा. आणि आमच्या डिझाइन शिकविणाऱ्या संस्थांनी आपले हुशार विद्यार्थी खुर्च्यांच्या व बाटल्यांच्या आकारांपाशी न अडवता एक-दोन वर्षे अशा गावांत पाठवावेत. लोट्याचा आकार ज्यांनी शोधला त्यांचे नाव कोणास ठाऊक नाही. परंतु ते वापरणाराच्या घरात राहिलेले लोक होते, यात शंका नाही.

राहता राहिले आम्ही, वीज वापरणारे. महिन्याचे बिल भरले की आपले देणे फिटले असे आम्ही समजतो. त्या बिलात कोळशाची किंमत असते, वाहतुकीची असते, कराची असते. माजरीच्या मोडीची नसते. ती आज आम्ही आखणीच्या रूपाने दिली नाही, तर माजरीची मुले ती आपल्या जमिनीने व आपल्या पाण्याने देतील. पदराची गाठ सोडण्यापूर्वी मोडीत काय येईल हे विचारणाऱ्या बायकांच्या घरांत आम्ही वाढलो. तो प्रश्न विचारण्याची लाज आम्हांस का वाटावी?