आरोग्य केंद्रात बोलायलाही खोली हवी

ग्लोरिया नावाची घटस्फोटित अमेरिकन बाई कॅमेऱ्यासमोर बसून कार्ल रॉजर्स या नामवंत मानसशास्त्रज्ञाला पेचात टाकते. घटस्फोटानंतर तुझे दुसऱ्या पुरुषांशी संबंध आले का, असं तिच्या लहान मुलीने तिला विचारलं होतं आणि ती खोटं बोलली होती. आता मुलीला खरं सांगावं की नाही, ते तुम्हीच सांगा, असा तिचा आग्रह. रॉजर्स मन लावून ऐकतात, तिच्याच बोलण्यातला धागा तिच्या हाती परत देतात, पण ‘सांग’ही म्हणत नाहीत आणि ‘नको सांगूस’ही म्हणत नाहीत. १९६५ साली आलेल्या या चित्रफितीत ग्लोरिया एकामागून एक तिघांशी बोलते. दुसरे फ्रिट्झ पर्ल्स. भीती वाटते म्हणतेस आणि हसतेस कशी, असं विचारून ते तिला धारेवर धरतात. तिसरे अल्बर्ट एलिस तिच्या विचारातली गफलत मास्तरांच्या उत्साहाने उलगडून दाखवतात. बाई तीच, पण तीन खोल्यांत तीन वेगवेगळी कामं चाललेली दिसतात. मानसशास्त्राच्या वर्गात ही फीत आजही दाखवली जाते.

आपल्याकडे कौन्सेलरच्या पायरीवर माणूस येतो तो बहुधा उत्तर मागायला. मुलगा अभ्यासाला लागेल का, सून नांदेल का, नवऱ्याची दारू सुटेल का? थोरल्या काकांनी, शेजारच्या वहिनींनी आणि ऑफिसातल्या मित्राने फुकट दिलेले सल्ले लागू पडले नाहीत, तेव्हा पैसे मोजून एक पक्का सल्ला आणायचा, असा हिशेब असतो. पहिल्या भेटीत तो मिळाला नाही की ‘नुसतं बोलायचे पैसे घेतात’ म्हणत माणूस घरी जातो आणि पुन्हा फिरकत नाही. उलट बाजूला चार पुस्तकं वाचून पाटी लावलेले काही जण भरपूर सल्ले देतात आणि त्यालाच समुपदेशन म्हणतात.

बोलण्यातून उपचार करण्याच्या पद्धती मात्र ठरलेल्या आहेत. त्यांच्या पायऱ्या लिहून काढता येतात, त्या शिकवता येतात आणि त्यांचा गुण आला की नाही हे मोजता येतं. हे खरं असेल, तर त्या पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांपुरत्या कोंडून ठेवायला काही आधार उरत नाही. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात.

सुरुवात झाली ती फार महागड्या पद्धतीने. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात रुग्णाने आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षं यायचं, मनात येईल ते बोलायचं आणि त्यातून बालपणातल्या दडपलेल्या गोष्टी वर येण्याची वाट पाहायची. ही विद्या भारतात लवकर आली. फ्रॉइडशी पत्रव्यवहार असलेल्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. पण एवढा वेळ आणि पैसा किती जणांपाशी असणार? ती मोजक्या लोकांपुरतीच राहिली.

पुढची मोठी वळणं घेतली ती याच शाळेत शिकून वैतागलेल्या लोकांनी. अल्बर्ट एलिस त्यांतले एक. तरुणपणी ते मुलींशी बोलायला विलक्षण लाजत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि बोलायला लागायचं. ते स्वतः सांगत त्यानुसार महिन्याभरात अशा १३० जणी झाल्या. तीस जणी लगेच उठून गेल्या, शंभर जणी बोलल्या, एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही आणि भीती मात्र गेली. १९५५ पासून त्यांनी जी पद्धत मांडली, तिची मुळं या बाकापाशी सापडतात.

मराठी वाचकाला ही पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने ठाऊक आहे आणि त्याचं श्रेय कि. मो. फडके यांना जातं. मुंबईत राहून त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, हे शास्त्र मराठीत आणलं आणि असंख्य लोकांना शिकवलं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘आयपीएच’ संस्थेच्या कामातही हा धागा ठळक दिसतो. पद्धतीचा गाभा सोपा आहे. स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नात आलेलं अपयश ही घटना. दिवसचे दिवस अंथरुणात पडून राहणं हा परिणाम. मधे एक कडी असते: ‘मी पास व्हायलाच हवं होतं, झालो नाही, म्हणजे मी कुचकामी.’ उपचारक या मधल्या कडीला हात घालतो. नापास झालेला माणूस कुचकामी असतो हे कशावरून? वाईट वाटणं रास्त आहे, पण स्वतःला संपूर्ण रद्दबातल ठरवणं कुठल्या पुराव्यावर? दुःख पुसून टाकायचं नसतं. ते झेपेल आणि उठून कामाला लागता येईल, एवढ्यावर आणायचं असतं.

फिलाडेल्फियाचे डॉ. आरॉन बेक हेही मूळचे मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हा फ्रॉइडचा सिद्धांत पडताळायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली, तर तिथे रागापेक्षा हरल्याच्या, गमावल्याच्या भावनाच सापडल्या. त्यातून १९६० च्या दशकात बोधात्मक उपचार उभा राहिला आणि पुढे वर्तनोपचाराशी जोडला जाऊन ‘सीबीटी’ या आद्याक्षरांनी जगभर पोचला. इथे रुग्णाला गृहपाठ असतो. वहीत रकाने आखायचे: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणता विचार चमकून गेला, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. बॉसने नमस्काराला उत्तर दिलं नाही, म्हणजे नोकरी जाणार, हा विचार कागदावर उतरला की त्याचं वजन करता येतं. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, हाच कित्ता कृतीतून गिरवतात. दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात न धुता बसून राहायचं. घालमेल आपोआप उतरते, हे शरीराला अनुभवातून कळावं लागतं.

दारूसाठी पुन्हा वेगळी वाट. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत उपचारक दारूचे तोटे ऐकवत नाही. ते बायकोने, आईने आणि डॉक्टरने आधीच ऐकवलेले असतात आणि दर वेळी माणूस ‘एवढीही काही पीत नाही’ म्हणून बचावाला उभा राहिलेला असतो. सोडावीशीही वाटते आणि सुटू नये असंही वाटतं, या दोन्ही बाजू उपचारक ऐकून घेतो आणि सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून यावीत, अशा बेताने प्रश्न विचारतो. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे नव्या रुग्णांचे समुपदेशक होतात. म्हणजे पदवी नसलेला माणूस नीट शिकवल्यावर हे काम करू शकतो, याचा दाखला आपल्याकडे चार दशकांपासून आहे.

तो आकड्यांनी सिद्ध झाला गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन चाचण्या घेतल्या आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष डिसेंबर २०१६ मध्ये आले. समुपदेशक गावातलेच. त्यांचं मानसशास्त्राचं शिक्षण शून्य. त्यांना काही आठवडे वर्गात शिकवलं आणि मग देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाला लावलं.

नैराश्यावरचा उपचार सहा ते आठ भेटींचा होता. त्याचा मुख्य भाग ‘वर्तन-सक्रियता’. मन उदास झालं की माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो, त्यामुळे आनंदाचे प्रसंग कमी होतात, त्यामुळे उदासी वाढते. हे चक्र तोडायला आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. समजा, चाळिशीच्या एका बाईने बाजाराला जाणं बंद केलंय, भजनी मंडळ सोडलंय, दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. समुपदेशक तिला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणत नाही. ती तिच्यासोबत आठवड्याचा तक्ता भरते: कोणत्या वेळी काय केलं, तेव्हा मन कसं होतं. मंगळवारी बहीण आली तेव्हा जरा बरं वाटलं, एवढं त्यात सापडलं तरी पुरे. पुढच्या आठवड्यात बहिणीला फोन करायचा आणि दोन दिवस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायचं, एवढंच ठरतं. जमलं नाही तर का जमलं नाही, यावर पुढची भेट. या सगळ्यात ‘डिप्रेशन’ हा शब्द पुढे करण्याची गरज नसते. लोक म्हणतात तसं ‘टेन्शन’ म्हटलं तरी काम चालतं.

तीन महिन्यांनी मोजणी झाली. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दारूच्या चाचणीत मिलर यांच्या वाटेने जाणारा, जास्तीत जास्त चार भेटींचा उपचार होता. आधीच्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले पुरुष समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. हा काही चमत्कार नव्हता. ज्यांनी पिणं चालू ठेवलं, त्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. नैराश्याच्या चाचणीतला फायदा मात्र वर्षभरानेही टिकून होता.

विदर्भातही असा प्रयत्न झाला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी बांधली, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे सहापट वाढलं.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती मन देऊन नुकसान झालं तर जबाबदार कोण, हा आक्षेप यावर हमखास येतो, आणि तो वाजवी आहे. गोव्यात त्याचं उत्तर आधीच योजलेलं होतं. बैठका ध्वनिमुद्रित व्हायच्या, समुपदेशक गटाने बसून एकमेकांच्या बैठका ऐकायचे आणि ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायचे. ऐकून घेतलं का, घाई केली का, गृहपाठ विचारला का? आत्महत्येचा धोका दिसला किंवा भेटींनी फरक पडला नाही, तर पुढे कुणाकडे पाठवायचं तेही ठरलेलं होतं. शहरातल्या बंद दाराआड चालणाऱ्या किती खाजगी समुपदेशनाची अशी तपासणी होते? आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण ‘कौन्सेलर’ अशी पाटी लावणाऱ्याला अडवणारी यंत्रणा कमजोर आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने ही उणीव भरून काढायची होती. त्याची अंमलबजावणी रेंगाळत चालली आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: बोलण्याने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. मान्यच आहे. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात औषधं लागतातच, तीव्र नैराश्यातही बहुधा औषधं आणि बोलणं दोन्ही लागतं. पण देशातल्या रुग्णांचा मोठा हिस्सा नैराश्य, चिंता आणि दारूचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या सामान्य आजारांचे साधारण ८५ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं दिसलं. मनोविकारतज्ज्ञांची संख्या कितीही वेगाने वाढली, तरी एवढ्यांपर्यंत ते पोचणार नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क ठरवला. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांना संरक्षण द्यावं, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच हात सैल करतात, समुपदेशनाच्या बैठका खिशातूनच भागवाव्या लागतात. शहरात अनेक ठिकाणी एका बैठकीला हजार किंवा त्याहून जास्त रुपये पडतात. आठ बैठकांचा हा खर्च शेतमजुराच्या घराला परवडण्यातला नाही.

महाराष्ट्राने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेतात, ही त्यातली चांगली कल्पना. पण प्रश्न विचारून उदास माणूस शोधायचा आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची, यात तो माणूस वाटेतच गळतो. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, ‘वेड्यांच्या डॉक्टर’कडे जाण्याची लाज या तीन गोष्टी त्याला घरी बसवायला पुरेशा आहेत. उपचार त्याच्या गावाजवळ हवा. मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना गोव्यातला हा छोटा उपचार शिकवण्याचं काम झालेलं आहे, तेव्हा महाराष्ट्राला श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागणार नाही.

लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक, आणि त्याचं मानधन आशाताईंच्या मानधनासारखं आंदोलन केल्याशिवाय न मिळणारं नसावं. दर आठवड्याला बैठका ऐकून चुका दाखवणारा तालुक्यातला देखरेख करणारा माणूस. प्रत्येक रुग्णासाठी पहिल्या आणि शेवटच्या भेटीत भरलेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली, म्हणजे गुण आला की नाही हे कागदावर दिसेल. आणि ओपीडीच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशी, दार लागणारी एक खोली.

खाजगी समुपदेशकाकडे जाणाऱ्यानेही पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारावं: तुमची पद्धत कोणती, साधारण किती बैठका लागतील, फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवायचं, नोंदणी कुठली? नीट शिकलेला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. ज्याला आजच कुणाशी तरी बोलायची गरज आहे, त्याच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. क्रमांक १४४१६, फोन विनाशुल्क, चोवीस तास, मराठीतून.