माहिती फुकट आहे, शोध फुकट नाही

कापडाच्या धंद्यात आम्ही तीस वर्षे घालवली. या तीस वर्षांत दलालाला दलाली दिली, हमालाला हमाली दिली, मुनीमजींना पगार दिला, वकिलाची फी दिली. पण कोणी येऊन म्हणाला की "शेठ, तुम्हाला हवी ती माहिती शोधून देतो, माझा मेहनताना द्या," तर आम्हाला हसू यायचे. माहितीचे कसले पैसे? चार माणसांना विचारले की कळते! आपल्या बाजारातील बहुतेक व्यापारी बंधूंचा आजही हाच विचार आहे. या विचाराने आमचे दोनदा नुकसान केले, म्हणून आज लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

पहिली गोष्ट 2018 सालची. रंगीत साडीसाठी आम्ही एक नवे नाव ठरविले. लेबले छापली, खोकी छापली, माल परराज्यात रवाना केला. त्यापूर्वी एका जाणकाराने सांगितले होते की, ट्रेडमार्कचा शोध करून घ्या, तीन हजार रुपये लागतील. आम्हाला तीन हजार जड वाटले. भाच्याला सांगितले, त्याने सरकारी वेबसाइटवर नाव टाकून पाहिले आणि म्हणाला, "मामूजान, असे नाव कोणाचेच नाही." तीन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. छापलेली खोकी रद्दीत गेली, माल परत बोलवावा लागला आणि लग्नसराईचा हंगाम हातचा गेला.

चूक कुठे झाली? भाचा खोटे बोलला नव्हता. पण ट्रेडमार्कच्या नोंदणीत मालाचे आणि सेवांचे 45 वर्ग आहेत. कापड 24 व्या वर्गात येते, तयार कपडे 25 व्या वर्गात. साडीची नोंद दोन्हीकडे सापडते. भाच्याने फक्त 24 वा वर्ग पाहिला. दुसरे असे की, आमचे नाव उर्दू शब्दाचे होते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. उर्दूत त्या शब्दाचे एकच रूप. परंतु इंग्रजी अक्षरांत तोच शब्द चार प्रकारे लिहिला जातो. 'नूर' हा साधा शब्द घ्या. कोणी दोन ओ घालतो, कोणी एक यू. कायदा मात्र कानाला सारखे वाटणारे नावही पाहतो. म्हणूनच त्या वेबसाइटवर उच्चारावरून शोधण्याचीही सोय आहे. ती माहिती सर्वांसाठी खुली होती, फुकट होती. पण प्रश्न कसा विचारावा हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती सापडते. तीन हजार रुपये त्या हुनराचे होते.

दुसरी गोष्ट उधारीची. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. ही मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांची असते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. पुढे 2023 च्या बजेटने इन्कम टॅक्समध्येही तरतूद आणली की, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येणार नाही. 2024 साली बाजारात याचीच चर्चा होती. आमचीही 'उद्यम' नोंदणी होती. आम्ही खूश झालो आणि वीस वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाला कडक पत्र धाडले. त्याच्या सीएचे उत्तर आले: ही सवलत माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला जुलै 2021 मध्ये 'उद्यम'मध्ये घेतले, ते फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरते. पैसे लांबले ते लांबलेच, गिऱ्हाईकही तुटले. याउलट आमचे कितीतरी यंत्रमागधारक आणि कारागीर बंधू या कायद्याचे खरे हक्कदार आहेत, पण त्यांनी नोंदणीच केलेली नाही. आम्ही अर्धी माहिती घेऊन बसलो होतो, आणि ते पूर्ण हक्क असून बेखबर.

काही तरुण म्हणतात, आता मोबाइलला विचारले की क्षणात उत्तर मिळते. मिळते, हे खरे. पण ते कोणत्या सालचे, कोणत्या कायद्यातले, बदलले की काय, हे कोण तपासणार? चुकीच्या उत्तराचा भुर्दंड मोबाइल भरत नाही, पेढी भरते. मुंबईत सासमिरा किंवा बीटीआरए यांसारख्या संस्थांकडून आपण फी देऊन कापडाची तपासणी करून घेतो. तेव्हा कोणी कुरकुर करीत नाही, कारण रिपोर्टचा कागद हाती पडतो. माहितीच्या शोधाचेही तसेच समजा. अमेरिकेत तर अशा स्वतंत्र शोधकांची संघटना 1987 पासून आहे. तिथे हा रीतसर पेशा आहे.

मात्र पैसे द्यावेत ते डोळे उघडे ठेवून. आमच्या तजुर्ब्यावरून चार गोष्टी सांगतो. प्रश्न एका वाक्यात लिहून द्या. "बाजाराची माहिती काढा" हा प्रश्न नव्हे. मेहनताना आणि मुदत आधी ठरवा. प्रत्येक उत्तरासोबत ते कुठून मिळाले आणि कोणत्या तारखेचे आहे, हे लिहून मागा. आणि "इथे इथे शोधले, सापडले नाही" असा अहवाल आला तर त्याचेही पैसे द्या. कुठे कुठे शोधले हे त्यात लिहिलेले असते. भाच्याच्या 'नाही'त ते नव्हते. निर्णय मात्र शेवटी आपलाच. शोधक रस्ता दाखवतो, चालायचे आपल्याला.

छोट्या कारागिराला हा खर्च एकट्याने झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. पण दहा पेढ्या आणि वीस कारखानदार एकत्र आले तर एका माणसाचा पगार सहज निघेल. आणि माणूस शोधायला लांब जायला नको. आपल्याच मोहल्ल्यातील मुले-मुली ग्रंथालयशास्त्र, वाणिज्य, कायदा शिकून घरी बसली आहेत. त्यांना उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही भाषा येतात. शोधाचे काम शिकवले तर त्यांना इज्जतीची रोजी मिळेल आणि बाजाराला डोळे.

ज्या बाजारात हमालाच्या पाठीला दाम आहे, तिथे शिकलेल्या मुलीच्या अभ्यासाला दाम का नसावा? आमच्या पेढीने या वर्षापासून खर्चाच्या वहीत 'शोध' असे नवे खाते उघडले आहे. रक्कम मोठी नाही. पण नोटिशीच्या एका लिफाफ्याने आमचे जे गेले, त्यापुढे ती काहीच नाही.