दुखरें कोपर

गेल्या महिन्यांत एका घरगुती कामानिमित्त आम्हांस अलिबागेस चार दिवस राहण्याचा योग आला. उतरलों होतों तें घर जुनें, तीन पिढ्यांच्या माणसांनीं भरलेलें. सायंकाळीं ओटीवर बसलों असतां घरांतला चौदा वर्षांचा मुलगा उजवा हात झोळींत अडकवून उदास बसलेला दिसला. समुद्रावरच्या वाळूंत रोज तीन-तीन तास गोलंदाजी करून त्यानें खांदा दुखावून घेतला होता, आणि दीड महिना चेंडूला हात लावावयाचा नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. मुलाला वाईट वाटणें साहजिक होतें. आम्हांस नवल वाटलें तें वडील मंडळींचें. “शाळेच्या सामन्यापुरती तरी झोळी सोडूं द्या,” असें आजोबा म्हणत होते, आणि काकांचें मत असें, कीं “आमच्या वेळीं असलीं दुखणीं खेळतां खेळतांच बरीं होत!”

आम्हांस सचिन तेंडुलकर यांची आठवण झाली. १९८९ सालीं सियालकोटच्या कसोटींत नाकावर चेंडू बसून रक्त आलें असतांहि सोळा वर्षांचा सचिन खेळत राहिला, ही गोष्ट घरोघरीं सांगितली जाते. १९९९ च्या जानेवारींत पाठीच्या कळा सोशीत त्यांनीं चेन्नईस पाकिस्तानविरुद्ध १३६ धावा केल्या, आणि तरीहि आपण १२ धावांनीं हरलों, हीहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या डाव्या कोपराची कथा मुलांना सहसा कोणी सांगत नाहीं. कारण तिच्यांत टाळ्या कमी आणि वाट पाहणें फार.

२००४ च्या ऑगस्टांत तें कोपर दुखूं लागलें. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्यांस ते मुकले. विश्रांति, उपचार, पुन्हा खेळ, पुन्हा कळ, असें चालून अखेर २००५ च्या मे महिन्यांत लंडन येथें शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर आपल्या लहानग्या मुलाची बॅटहि आपणांस उचलवेना, आणि आपला खेळ संपला असें वाटूं लागलें, हें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे. ऑक्टोबरांत नागपुरास ते परतले, तेव्हां त्यांनीं ९३ धावा केल्या; १० डिसेंबरला दिल्लीस ३५ वें कसोटी शतक काढून गावसकरांचा विक्रम मागें टाकला. परंतु पुढच्याच मार्चांत खांद्यानें दगा दिला, आणि ऐन त्या दिवसांत मुंबईच्या मैदानावर मुंबईच्याच कांहीं प्रेक्षकांनीं त्यांची हुर्यो केली! पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा कित्येक महिने मैदानाबाहेर. ग्वाल्हेरच्या एकदिवशीय सामन्यांतील नाबाद २०० धावा २०१० च्या, विश्वचषक २०११ चा, आणि निवृत्ति २०१३ ची. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आठ वर्षांहून अधिक काळ ते खेळले. ते महिने त्यांनीं दवडले नव्हते. पुढच्या वर्षांच्या कामीं लावले होते.

हें सारें आम्ही ओटीवर सांगत असतां मुलाची आई चहा घेऊन आली. किटली तिनें दोन्हीं हातांनीं धरली होती. किटली कांहीं मोठी नव्हती. “वहिनी, हाताला काय झालें?” असें आम्हीं विचारतांच त्या ओशाळल्या. “कांहीं नाहीं हो. कपडे पिळतांना, नारळ खवतांना जरा कळ येते इतकेंच.” किती दिवस? तर गेल्या गणपतीपासून. बोट ठेवून दाखविली ती जागा कोपराच्या बाहेरच्या हाडाची. म्हणजे दुखणें तेंच, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात. मुलाच्या खांद्याची चर्चा घरभर चालली होती. आईच्या कोपराला घरांत नांवहि नव्हतें.

मनगट वर उचलणारे स्नायु ज्या कंडरेनें कोपराच्या बाहेरच्या हाडास जोडलेले असतात, ती वरचेवर ताण पडून आंतून झिजते. हेंच तें दुखणें. हें ज्यांना होतें, त्यांतील बहुतेकांनीं टेनिसची रॅकेट कधीं हातीं धरलेली नसते. पस्तिशी ते पंचावन्न हें त्याचें वय. पिळणें, उचलणें, खवणें हीं त्याचीं निमित्तें. सुदैवानें शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते. बहुतेकांस वर्षभरांत आराम पडतो. मात्र ताण कमी झाला पाहिजे. कपडे दुसऱ्यानें पिळावे. जड भांडें तळवा वर करून, अंगाजवळ धरून उचलावें. हात अगदीं निजवून ठेवणेंहि बरें नव्हे. भौतिकोपचारतज्ज्ञास विचारून हलक्या वजनाचे व्यायाम हळूहळू वाढवावे. स्टिरॉइडच्या सुईनें कांहीं आठवडे बरें वाटतें, परंतु दुखणें उलटण्याचा संभव त्यानें वाढतो. बोटांस मुंग्या येत असतील, किंवा सांधा सुजला असेल, तर डॉक्टरांस दाखविण्यास विलंब लावूं नये.

खेळाडूस निदान सक्तीची रजा मिळते. त्याची जागा घेण्यास दुसरा गडी उभा असतो. स्वयंपाकघरांत बारावा गडी कोण? एकत्र कुटुंबाचा मोठेपणा आपण नेहमीं सांगतों. तो खरा असेल, तर अशाच वेळीं दिसला पाहिजे. एकाचा हात दुखला तर दहा हात पुढें येतात, यासाठींच ना इतकीं माणसें एका छपराखालीं राहावयाचीं?

निघण्याच्या दिवशीं सकाळीं मागल्या दारीं गेलों, तों काका विहिरीपाशीं कपडे पिळीत उभे होते, आणि आजोबा प्रत्येक कपडा झटकून दोरीवर टाकीत होते. आम्हांस पाहून काका म्हणाले, “हें काम भलतेंच अवघड आहे हो!” मुलाची झोळी हातांतच होती, सामन्याचा विषय कोणी काढला नाहीं.

वाचकांनीं आज चहाच्या वेळीं एवढेंच पाहावें, कीं आपल्या घरांत किटली दोन्हीं हातांनीं कोण धरतें.