हुंडी, हवाला आणि परदेशची कमाई

पूर्वी आपल्या पेढ्यांवरून पैसा गावोगाव जाई तो हुंडीच्या आधारे. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर; आणि शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या 'शहा'च्याच हाती पडे. हुंडी गहाळ झाल्यास पेठ व तीही हरवल्यास परपेठ लिहून देण्याची वहिवाट होती. पैसा कोणी दिला व कोणी घेतला याचा माग वहीत राही.

आज हुबळी-धारवाडकडील कित्येक घरांतील कर्ती मुले आखाती देशांत आहेत. तेथे एकेकाळी आपलाच रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला आणि उरलेल्यांपैकी बहुतेक राज्यांनीही रुपया सोडला. आता कमाई दिरहमात अथवा रियालात होते; घर मात्र रुपयांत चालते. या बदलातच कष्टाचा पैसा झिजतो.

जागतिक बँकेच्या २०२४ च्या आकड्यांनुसार २०० डॉलर घरी धाडण्यास जगात सरासरी ६ टक्क्यांहून अधिक खर्च येई. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आणण्याचे ठरविले आहे. या खर्चाचा मोठा भाग पावतीवर दिसतच नाही. दिरहमामागे २० पैसे कमी दर दिला, की १,००० दिरहमांवर २०० रुपये गेले. वर 'शुल्क नाही' अशी जाहिरात असतेच! तेव्हा शुल्क न विचारता 'घरी नेमके किती रुपये पोचतील?' हेच विचारावे.

या जाचाला कंटाळून काहीजण हवाल्याकडे वळतात आणि 'ही आपली जुनी हुंडीच' असे म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. हुंडी लेखी होती, तिच्यावर न्यायालयात दाद मागता येई. हवाल्याचा पैसा बुडाला तर तक्रार कोणाकडे करणार? शिवाय १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यान्वये असा पैसा घेणाराही दोषी ठरतो आणि दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत होऊ शकतो. पुढे घर घेताना 'हा पैसा कोठला?' असा प्रश्न आला, तर दाखविण्यास कागद नसतो. ज्या दुकानाच्या गल्ल्यातून अशी रक्कम फिरते, त्याची पिढ्यांची पतही एका दिवसात जाते.

मात्र केवळ उपदेशाने हवाला थांबणार नाही. सरळ वाट सोपी झाली पाहिजे. पारपत्रावरील व खातेपुस्तकावरील नाव अक्षरशः एक असावे. लहानशा फरकानेही रक्कम अडकते. अनिवासी भारतीयांचे एन.आर.ई. खाते मुलगा जाण्यापूर्वीच समजून घ्यावे. त्यातील मुद्दल व व्याज परत परदेशी नेता येते व व्याजावर येथे आयकर नाही. बँकांनीही चार खेपा घालावयास लावू नयेत.

आमची सूचना एवढीच की, संघाने आठवड्यातून एक सायंकाळ जाणत्या सभासदास कार्यालयात बसवून अशा कुटुंबांस विनामूल्य सल्ला द्यावा. यात खर्च फारसा नाही. दुसऱ्याच्या पैशाचा चोख हिशेब ठेवण्यावर ज्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या वारसांनी एवढे तरी करावयास हवे.