पडद्यावरील एम. ए. आणि रिकाम्या जागा

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना उभारला आणि तेथील निराधार मुलींना खिळे जुळविण्याचे काम शिकविले. रमाबाईंचे मराठी बायबल याच मुलींच्या हातून छापून निघाले. यंत्र आले ते चालविण्याच्या विद्येसह आले. पदव्युत्तर शिक्षणाच्या आजच्या 'डिजिटल परिवर्तना'ला हीच कसोटी लावली पाहिजे.

या परिवर्तनाचा लाभ नाकारणे आडमुठेपणाचे ठरेल. दौंड तालुक्यातील विद्यार्थ्याला एखादा प्रबंध नुसता चाळण्यासाठी पूर्वी आगगाडीने पुणे गाठावे लागे. आज 'शोधगंगा'वर देशभरातील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. ज्या देशांत ग्रंथालये तुटपुंजी आहेत, तेथे ही सार्वजनिक संपत्तीच होय.

परंतु ग्रंथ खुले करणे वेगळे आणि शिक्षकाची जागा पडद्याला देणे वेगळे. केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयम' सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. जेथे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते, तेथे ही मुभा कोणाच्या सोयीची, हे सांगावयास नको. अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीने केडगाव परिसरातील गुऱ्हाळांवरील मजुरांच्या उचलीचा प्रश्न अभ्यासास घेतला, तर आधीच मुद्रित करून ठेवलेले व्याख्यान तिला काय सांगणार? मजुराला प्रश्न कसा विचारावा, मालकाच्या वहीतील आकड्यावर कितपत विसंबावे, हे समोर बसलेला शिक्षक तिच्याशी वाद घालूनच शिकवितो. पदव्युत्तर शिक्षण म्हणतात ते हेच. बाकी सारी माहिती.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला. त्यानंतर मोबाइल घरोघर पोचला हे खरे. पण साठ पानांचा प्रबंध मोबाइलवर लिहिण्याचा प्रयोग धोरणकर्त्यांनी एकदा करून पाहावाच! 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेस २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले, तेही पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांपुरते. शुल्क भरून विनाअनुदानित महाविद्यालयात शिकणारी मुले कुंपणाबाहेरच राहिली.

रिक्त जागा भरल्याखेरीज ४० टक्क्यांची सवलत नको, आणि तालुक्याच्या ठिकाणी संगणक व नियतकालिके असलेली, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी सार्वजनिक अभ्यासिका हवी, या मागण्या पुणे विद्यापीठाच्या अधिसभेत गेल्या पाहिजेत. तेथे नोंदणीकृत पदवीधर दहा प्रतिनिधी निवडून देतात. दौंड आणि शिरूरमधील पदवीधरांची नोंदणी कार्यकर्त्यांनी आतापासूनच हाती घ्यावी.