सोबती म्हणजे रिसोर्स नव्हे!

मंडळी, महापे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत आठवडाभर आपण एक शब्द ऐकतो: रिसोर्स. दोन रिसोर्स हवेत, एक रिसोर्स बेंचवर आहे. कुणी माणूस म्हणत नाही. शुक्रवारी रात्री वैतागून घरी यायचं, 'बाल्डर्स गेट ३' लावायचा, आणि तिथेही तेच!

कँटीनमधली चर्चा ऐका. "शॅडोहार्टचं ट्रिकरी डोमेन कुचकामी आहे रे, बदलून टाक." "गेलला जादूच्या वस्तू खायला घालाव्या लागतात, राहू दे त्याला कॅम्पवर." कॅम्पात विदर्स नावाचा हाडांचा म्हातारा आहेच. 100 मोहरा दिल्या की कुणाचाही क्लास बदलून देतो. आणखी 100 दिल्या की भाड्याचा गडी देतो. या गड्याला स्वतःची गोष्ट नाही, मत नाही, तो रुसत नाही. मॅनेजरला याहून काय हवं?

अरे, पण मग पार्टीचा गेम खेळता कशाला?

हा प्रकार आला कुठून ते बघा. 1974 साली गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. टेबलाभोवती मित्र जमवून खेळायचा खेळ. त्यातला एक हट्टी, एक घाबरट, एक भलतीकडेच दार फोडणारा. 1998 च्या पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये मित्रांच्या जागी संगणकातले सोबती आले, तुम्ही धरून सहा जण. पण त्यांचे स्वभाव शाबूत होते. खालिद-जाहीरा आणि झार-माँटारॉन एकत्र ठेवा, ते एकमेकांच्या जिवावर उठतात. तुमचं नाव फारच चांगलं झालं की दुष्ट सोबती चालते होतात. बायोवेअरवाल्यांना हे टाळता आलं नसतं का? त्यांनी ते मुद्दाम ठेवलं, कारण पार्टी सांभाळणं हाच खेळ आहे. गेल वस्तू मागतो तेव्हा प्रश्न तलवारीचा नसतोच. या माणसासाठी तुम्ही काय सोडाल, एवढंच तो विचारतो. गाइड त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतं, दहावीच्या गाइडसारखं.

"वेळ कुठे असतो बाबा?" मान्य. मग एक्सप्लोरर मोड लावा, लढाया सोप्या होतात. वेळ वाचवायला माणसंच का कापायची? "गेमच आहे, खरी माणसं थोडीच आहेत?" हेही मान्य. पण ज्याच्यामुळे आपलं काडीचंही नुकसान होणार नाही, अशा सोबत्यालाही आपण उपयोगावरच तोलत असू, तर सोमवारी नव्या पोराला टीममध्ये घेताना वेगळं काय करणार आहोत?

गल्लीत खेळताना आपल्याकडे कच्चा लिंबू असायचा. त्याच्यावर राज्य येत नसे, आणि खेळातून त्याला कुणी हाकलतही नसे. सात-आठ वर्षांच्या पोरांना जमायचं ते! आपण मात्र इंजिनीयर झालो आणि कच्च्या लिंबाला बेंच दाखवायला शिकलो.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हवं ते गणित मांडा, त्यातही मजा आहे. पहिल्या खेपेला मात्र गाइड बंद. आणि या शनिवारी, ज्याला नेहमी कॅम्पवर सोडता त्याला सोबत घ्या. हराल कदाचित. हरा की!