निनावी पत्रकाखाली छापखान्याचं नाव हवं

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली.



राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै 2027 मध्ये संपते. पुढच्या निवडणुकीची तयारी सुरू करताना आपण 1969 सालची फाइल आधी काढावी, एवढ्यासाठी हे पत्र.

राष्ट्रपतिपदासाठी कोण कशाला चिखलफेक करेल, असं पुष्कळांना वाटतं. भोंगे नाहीत, सभा नाहीत. 2022 मध्ये मतदार होते अवघे 4,809, सगळे खासदार-आमदार. पण मतदार मोजके असले की प्रत्येकाच्या हातात कागद पोचवणं उलट सोपं होतं.

1969 मध्ये तेच झालं. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उभं केलं. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही होती खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींची. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा हे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मतं मागायला जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे गेले, ते निमित्त झालं आणि खासदार-आमदारांना 'अंतरात्म्याचा आवाज' ऐकण्याचं आवाहन इंदिरा गांधींकडून झालं. आपणच सुचवलेल्या उमेदवाराला पाडण्याची इतकी सोज्ज्वळ तऱ्हा पुन्हा कुणाला साधली नाही. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते आपले सी. डी. देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. या साठमारीत त्यांचं नाव आज कुणाला आठवतही नाही.

याच दिवसांत संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये एक छापील पत्रक फिरलं. रेड्डींच्या चारित्र्यावर गलिच्छ मजकूर, खाली कुणाचं नाव नाही. काहींना ते टपालाने गेलं. पहिल्या पसंतीत कुणालाच विजयासाठी लागणारा कोटा गाठता आला नाही. दुसरी पसंती मोजल्यावर गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427. मतमूल्याच्या हिशेबात फरक 14,650. पत्रकाने त्यातली किती मतं फिरवली, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. अशा कागदाची सोय तीच असते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला आले. टेपवरचं एक संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरलं गेलं. 1970 मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या: पत्रक वाटलं गेलं हे न्यायालयाने मानलं, पण त्यात गिरींचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. गिरींपुरता प्रश्न मिटला, पत्रकबाजीचा मिटला नाही.

पुढे कायदा कडक झाला, पण भलत्याच बाजूने. 1967 मध्ये 17 उमेदवार होते आणि त्यातल्या 9 जणांना एकही मत मिळालं नव्हतं. अशा हौशी मंडळींना आवरण्यासाठी आधी जास्त सूचकांची अट आली, मग 1997 पासून 50 सूचक, 50 अनुमोदक आणि 15,000 रुपये अनामत. निकालाला आव्हान द्यायचं तर उमेदवार असा, नाहीतर 20 मतदार गोळा करा. एवढा सगळा बंदोबस्त झाला तो समोरून, स्वतःच्या नावाने येणाऱ्यांचा.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. गल्लीतला कार्यकर्तासुद्धा ते विसरत नाही. पण त्या कायद्यातली 'निवडणूक' म्हणजे संसदेची सभागृहं आणि विधिमंडळं. राष्ट्रपतींची निवडणूक चालते 1952 च्या वेगळ्या कायद्याने. म्हणजे आमदाराच्या निवडणुकीत जो कागद गुन्हा ठरतो, त्याच आमदाराला राष्ट्रपती निवडताना तो दिला तर 127अ हात लावत नाही! 2017 पासून आयोग मतदाराच्या हाती जांभळ्या शाईचं खास पेन देतो. पसंतीचा आकडा कुठल्या पेनाने लिहावा याची इतकी काळजी असेल, तर त्याआधी त्याच हातात कुठला कागद पडला याचीही थोडी असावी.

आता तर कागदाचीही गरज उरली नाही. उमेदवाराचा बनावट आवाज मतदानाच्या आदल्या रात्री 4,800 फोनवर पोचवायला कितीसा वेळ लागेल?

म्हणून विनंती अशी की, 2027 ची अधिसूचना निघण्याआधी आयोगाने 127अ ची तरतूद 1952 च्या कायद्यात आणण्याची लेखी शिफारस सरकारकडे करावी आणि ती जनतेसमोर ठेवावी. निनावी पत्रक किंवा बनावट ध्वनिफितीची तक्रार आली, तर तिचा निर्णय मतदानाआधी आणि जाहीरपणे द्यावा. मतमोजणी झाल्यावर दिलेला निर्णय आम्हाला नको.

कळावे,
आपला,
या निवडणुकीत मत नसलेला एक नागरिक